सिंधूला हवं असलेलं पान

आमच्या वैद्यकीय ग्रंथालयात ‘शांतता राखा’ अशी पाटी होती आणि तिच्या बरोबर खाली माझी खुर्ची. पाटी वाचायची कुणाला गरजच पडत नसे. माझ्या चेहऱ्याकडे पाहूनच शिकाऊ डॉक्टर चपला हातात घ्यायचे. त्या काळातला एक फोटो घरात आहे. ताठ खळीची सुती साडी, नाकावर घसरलेला चष्मा, ओठ असे मिटलेले की जणू कपाटाची किल्ली आतच आहे. मी नातीला म्हटलं, “ही बाई मला रस्त्यात भेटली तर मी पलीकडच्या बाजूनं जाईन.” नात म्हणाली, “आजी, तू अजून तश्शीच दिसतेस.” या दिवाळीत तिला एक चिरोटा कमी मिळणार आहे.

नव्वदच्या दशकात सुरतेच्या हॉस्पिटलात नोकरी केली असं सांगितलं की लोक पुढं सरकून बसतात आणि त्या एकाच प्लेगच्या साथीबद्दल विचारतात. ते सांगणारे पुष्कळ झाले. त्या दिवसांत मी काय केलं म्हणाल, तर इतरांसारखीच घाबरले. मला सांगायचं आहे ते वेगळंच. माणसांची नावं सगळी बदलली आहेत. इतकी, की आता ती माणसं शोधायला निघाले तर मलाच सापडायची नाहीत.

आधी धंदा काय ते सांगते, कारण आमच्या शेजारणींना शेवटपर्यंत वाटत होतं की मी डॉक्टरांना कादंबऱ्या देते. डॉक्टरांना पुस्तकं लागतात, पण परीक्षेपुरती. एरवी त्यांना लागतो तो एखादा लेख. जगात कुठंतरी कुणीतरी तसाच पेशंट पाहिलेला असतो आणि त्यावर कुठल्या तरी मासिकात दोन-चार पानं लिहिलेली असतात. ती पानं शोधायची, हे आमचं काम. त्यासाठी जाडजूड सूचीखंड यायचे. विषयवार बारीक अक्षरात लेखांची नावं. नाव सापडलं की ते मासिक आपल्याकडे आहे का बघायचं, नसलं तर मुंबईला, पुण्याला, दिल्लीला पत्र घालायचं. मग टपालानं छायाप्रत यायची. ती येईपर्यंत कधी पेशंट बरा होऊन घरी गेलेला असायचा, कधी नुसताच गेलेला.

पण या सगळ्याआधी एक काम असतं आणि ते मला पुण्यातल्या ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात कुणी नीट शिकवलं नव्हतं. ते मी रिंग रोडच्या साडीबाजारात शिकले. सासूबाईंबरोबर गेले होते. गादीवरच्या माणसानं एकही घडी मोडली नाही. आधी विचारलं, “कोना माटे, बेन? दीकरी माटे के वेवाण माटे?” म्हणजे मुलीला की विहीणबाईंना. सासूबाई म्हणाल्या, मुलीला. त्यानं गठ्ठा बाजूला सारला आणि म्हणाला, मग रंगाचं बोलू या, किंमत नंतर. मला एकदम उजेड पडला. वाचक दारात येऊन जे मागतो ते त्याला हवं असतंच असं नाही. ‘हृदयावर काहीतरी द्या’ म्हणणाऱ्या एका सर्जनना मी हातभर उंच गठ्ठा काढून दिला होता, आणि त्यांना हवा होता मेहुण्याच्या लग्नातल्या भाषणासाठी एक विनोद. तेव्हापासून मी विचारायला लागले. कुणासाठी? पेशंट समोर आहे का? आज हवं की परीक्षेला? काही जण चिडायचे. काही जण उत्तर देता देता खुर्ची ओढून बसायचे आणि मग खरं काय ते निघायचं.

मग संगणक आला. त्यासाठी काचेची खोली बांधली, तिला थंड हवेचं यंत्र, दारात पायपुसणं. लेखांची सूची आता चकचकीत तबकड्यांवर यायची. पूजेच्या दिवशी नारळ कशावर फोडायचा यावर वाद झाला, कारण फरशी नवी होती. मी जरीकाठाच्या तुकड्यांचं झाकण शिवलं. आणि काय सांगू, मी त्या खोलीत अशी बसायची की जणू विमान चालवते आहे. ‘सर्च’साठी म्हणून दोन साड्या वेगळ्या ठेवल्या होत्या. डॉक्टर मंडळी बाहेर अनवाणी रांगेत उभी आणि मी आतून एकेकाला मानेनं बोलावते. देवळातल्या पुजाऱ्याला काय वाटत असेल ते मला तेव्हा कळलं.

त्या यंत्राकडून एक गोष्ट मात्र शिकले. नुसतं ‘किडनी’ टाकलं तर ते आपल्यावर लेखांचा डोंगर ओतायचं. नेमका शब्द द्यावा लागे. आणि शब्द बदलला की तोच प्रश्न दुसऱ्याच दारातून आत यायचा.

आमच्याकडे किडनीचे एक डॉक्टर होते, डॉ. देसाई. उंच, पुढं वाकून चालणारे, वाचायचं भारी वेड. हिवाळ्यात वर्तमानपत्रात बांधून गरम पोंक, म्हणजे आपला ज्वारीचा हुरडा, आणायचे आणि वाचनालयात बसून खायचे. खायला सक्त मनाई होती. त्यांना मी काही म्हणत नसे, कारण ते मलाही द्यायचे. परदेशात कुठंतरी त्यांनी पाहिलं होतं की ग्रंथपाल डॉक्टरांबरोबर वॉर्डात फिरतात, तिथंच प्रश्न ऐकतात आणि उत्तर शोधून आणतात. एक दिवस ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“कुसुमबेन, आ खुरशी साथे तमारां लगन थयां छे? चालो वॉर्डमां.”

खुर्चीशी लग्न झालेली मी उठले. पहिल्या राउंडला मी वही छातीशी धरून शेवटी चालत होते. डायलिसिसच्या खोलीत गेलो. माणसाचं रक्त नळीतून बाहेर येतंय, यंत्रातून फिरतंय, परत जातंय. पुढचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी एका पेशंटच्या खाटेवर बसलेले, आणि तो पेशंट, एका हाताला नळ्या लावलेला, दुसऱ्या हातानं मला पाण्याचा पेला देत होता. “घ्या ताई. मला तसंही इतकं पिऊ देत नाहीत.” मागे शिकाऊ पोरं तोंड फिरवून हसत होती. शांतता राखायला सांगणारी पाटी तिथं नव्हती.

तो संजय. खानदेशातला, पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला. तिशीचा असेल. दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा यंत्रावर यायचा. त्याची आई गावाहून आलेली, आणि लग्न होऊन सुरतेतल्याच नवागामात राहणारी धाकटी बहीण सिंधू. आईला साखरेचा आजार, तिची किडनी घेता येत नव्हती. सिंधूचा रक्तगट जुळत होता. ऑपरेशन आमच्याकडे होत नसे, मोठ्या शहरात पाठवावं लागे. पण आधीच्या तपासण्या आमच्याकडे. देसाईसाहेब राउंडला विचारायचे, “सिंधूबेन, तैयार?” आई तिच्या पाठीवर हात ठेवून उभी. सिंधू मान हलवायची. हो.

इथं माझं एक गुपित सांगायला हवं. माझं माहेर पारोळ्याचं. घरात अहिराणी. पुण्याला शिकायला गेले तिथं माझ्या ‘माले-तुले’ला मुली हसल्या, म्हणून मी ती अशी गिळून टाकली की सुरतेत येईपर्यंत मी ‘मूळच्या पुण्याकडच्या’ झाले होते. वॉर्डातल्या निम्म्या खाटांवर माझ्या आजीची बोली चालू असायची आणि मी मधून अशी चालायची, जणू चिनी ऐकते आहे. केवढी ती ऐट. आता ती बोली गंजली आहे. पुढं जे लिहिते ते आठवेल तसं लिहिते, जाणकारांनी हसून सोडून द्यावं.

एका दुपारी सिंधू ग्रंथालयाच्या दारात आली. उंबऱ्याबाहेर चपला, उंबऱ्यावर ती. मी नेहमीसारखं म्हणायला हवं होतं की हे फक्त डॉक्टरांसाठी आहे. पण वॉर्डात तोंडओळख झालेली. ती म्हणाली, “बाई, आठे मराठीमा पुस्तक भेटस का? किडनीनं. माले वाचता येस, सातवी शिकेल शे.”

मराठीत असं काहीच नव्हतं. पण मी तोवर यंत्राची पुजारीण झाले होते ना. म्हटलं, परवा ये. आणि मी कामाला लागले. एक किडनी दिलेली माणसं पुढं कशी जगतात यावर मिळेल ते वाचलं, समजलं नाही ते देसाईसाहेबांच्या सहायकाला विचारलं आणि सुवाच्य अक्षरात सोप्या मराठीत लिहून काढलं. एका किडनीवर माणूस नीट जगू शकतो, काम करू शकतो, बाळंत होऊ शकतो. शेवटी एक छोटी आकृतीसुद्धा काढली. लिहून झाल्यावर मी स्वतःवर इतकी खूश झाले की घरी नेऊन यजमानांना वाचून दाखवलं. ते बँकेत होते, आकडे नसलेल्या कागदाचं त्यांना कौतुक नव्हतं. म्हणाले, “अक्षर छान आहे.”

सिंधू आली. वाचनालयाच्या टोकाच्या बाकावर बसली. ओळीखाली बोट ठेवून सगळं वाचलं. शाबासकीची वाट बघत मी समोर उभी. तिनं वर पाहिलं तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता, जणू मी तिच्या हातात वॉरंट दिलंय.

साडीवाल्यानं पहिल्या दमात विचारलं असतं ते मी विचारलंच नव्हतं. मी तिच्यासमोर बसले. आणि कितीतरी वर्षांनी, सुरतेत पहिल्यांदा, माझ्या तोंडातून माझ्या आजीचा आवाज निघाला.

“सिंधू, तुले खरं काय पाहिजे शे?”

ती दचकली. “तुम्ही बी आपला शेतस?”

“शे. तू सांग.”

तिनं दाराकडे पाहिलं. मग कागदाकडे. मग इतक्या हळू बोलली की ग्रंथालयात त्याहून हळू कुणी कधी बोललं नसेल.

“एखादं पान आसं शे का, बाई, ज्यामा लिखेल व्हई, की बहीननं चालत नही?”

तिनं पुढं काही कारण दिलं नाही. नवरा नको म्हणतो असं नाही, लेकरं लहान आहेत असं नाही. मी कारण शोधत होते, तिच्यासाठी एखादं चांगलंसं. तिनं एवढंच सांगितलं, “माले भ्याव लागस.” भीती वाटते. बस.

खरं सांगते, त्या क्षणी मला तिचा राग आला. सख्खा भाऊ. भाऊबीजेला ओवाळलेला. मी असते तर दोन्ही काढून दिल्या असत्या, असं मनात म्हटलं. म्हणायला काय जातं, माझ्याकडे मागितली कुणी होती. घरी जाऊन यजमानांना नावं न सांगता विचारलं, असं एखाद्या बहिणीला वाटलं तर. ते जेवत होते. म्हणाले, “साधी पाल दिसली म्हणून तू आत्तापर्यंत कितीदा माहेरी जायला निघालीस?” मी त्यांना भाकरी वाढली नाही. पण रात्रभर ती पाल डोक्यात फिरत राहिली.

तिला हवं होतं तसं पान जगात नव्हतं, आणि असलेलं दाबून नसलेलं दाखवणं मला जमणार नव्हतं. वाचकानं काय मागितलं हे दुसऱ्याला सांगायचं नाही, हा आमच्या धंद्याचा कायदा. मग माझ्या हातात उरलं काय, तर शब्द बदलणं. दुसऱ्या दिवशी काचेच्या खोलीत जाऊन मी ‘किडनी’ बाजूला ठेवली आणि देणाऱ्याची संमती, घरच्यांचा दबाव, नकार, असे शब्द यंत्राला देऊन पाहिले. आणि दार उघडलं. जगभरच्या डॉक्टरांना हाच प्रश्न पडलेला होता. कुणी लिहिलं होतं, देणाऱ्याला नातेवाईकांपासून वेगळं बसवून विचारा. कुणी लिहिलं होतं, ती नको म्हणाली तर घरच्यांना एवढंच सांगा की हिची घेता येत नाही, का ते सांगू नका. काहींना हे पटलेलं नव्हतं, डॉक्टरनं असं झाकावं का म्हणून त्यांनी विरोध केला होता. मी दोन्ही बाजूंचे लेख मागवले. सगळे आल्यावर देसाईसाहेबांच्या रोजच्या गठ्ठ्यात ठेवले, मूत्रपिंडातल्या खड्यांवरच्या एका लेखाखाली. म्हटलं, वाचतील तेव्हा वाचतील.

त्याच संध्याकाळी ते आले. पोंक नव्हता.

“आ कोणे मांग्युं?”

“वाचकाचं नाव सांगत नसतात, साहेब.”

“कुसुमबेन, मी काय मूर्ख आहे?” ते गुजरातीतच बोलत होते, पण मला ते बोलणं मराठीतच आठवतं. “माझ्याकडे असा पेशंट एक, बहीण एक. दुसरं कुणी नाही. ती नाही म्हणाली तर तो जाईल. आज नाही, उद्या नाही, पण जाईल. आणि तुम्ही मला तिला सोडून देण्याचे कागद आणून देता?”

“मी दोन्ही बाजूंचे ठेवलेत.”

“हो. व्यवस्थित टाचणी लावून.”

मी टाचणीकडे पाहत उभी राहिले. मला वाटलं, माझी खुर्ची परत मिळणार, पाटीखालची. वॉर्ड संपला. ते खिडकीपाशी गेले. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले,

“मी तिला प्रत्येक वेळी आईसमोर विचारलं. कारण आईसमोर ती काय म्हणेल हे मला माहीत होतं. मला ती किडनी हवी होती, बेन. त्याच्यासाठी.”

असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

पुढच्या राउंडला त्यांनी आईला चहा प्यायला पाठवलं, शिकाऊ पोरांना पुढच्या वॉर्डात. सिंधूला आपल्या खोलीत बोलावलं आणि मला म्हणाले, “तमे एने एनी भाषामां पूछो.” सिंधूला गुजराती येत होतं, हिंदी येत होतं, सुरतेत राहून कुणाला येत नाही. पण काही प्रश्न घरच्याच बोलीत विचारावे लागतात. मी विचारलं. देवानं का नही, किडनी द्यायची की नाही? जे म्हणशील ते या खोलीबाहेर जाणार नाही. भाऊले नही, मायले नही, नवराले बी नही.

ती किती तरी वेळ साडीच्या पदराचा धागा ओढत राहिली. मग म्हणाली, “नही.”

आणि लगेच, “माले पाप लागी का?”

देसाईसाहेबांना भाषांतर लागलं नाही. ते म्हणाले, “ना बेन. डर लागे, एमां पाप शानुं?” भीती वाटते त्यात कसलं पाप.

त्यांनी आईला आणि संजयला एवढंच सांगितलं की बहीण देणारी म्हणून योग्य नाही. खोटं ते बोलले नाहीत. आईनं कपाळाला हात लावला आणि देवाला दोन शिव्या हासडल्या. सिंधू भिंतीला टेकून उभी होती. त्या दिवसापासून ती वॉर्डात यायची बंद झाली.

आता हे सगळं मागे पडलं. मागच्या वर्षी मी ते ग्रंथालय बघून आले. तिथं सोफे आहेत, निळसर उजेड आहे, काचेमागे एक गोड मुलगी बसते. सूचीखंड कुठं गेले विचारलं तर म्हणाली, “आन्टी, ते रद्दीत.” डॉक्टर आता घरी पलंगावर पडून फोनमध्ये शोधतात आणि मी आठवडाभर वाट बघायची ते त्यांना चहा निवायच्या आत मिळतं. चांगलंच आहे. तेव्हा असं असतं तर काही माणसं वाचली असती. ग्रंथपालानं वॉर्डात जावं, पेशंटशी बोलावं यावर आता चर्चासत्रं होतात, त्याला मोठी नावं आहेत. आमच्या वेळी त्याला नाव नव्हतं, चपला झिजायच्या एवढंच. मला खंडांचं काही वाटत नाही, त्यांनी माझा खांदा कायमचा उतरवला. मला आठवतं ते दारात उभं राहिलेलं तोंड. काय मागावं हे ज्याचं त्याला माहीत नाही आणि आपण खुर्ची पुढं करतो, ते. यंत्राला माणसं कसं पक्कं विचारतात. टाइप करतात आणि निघून जातात. त्या मुलीच्या काचेपाशी मी अर्धा तास बसले. कुणी आलं नाही.

तर संजय. पुढं एक दिवस मी देसाईसाहेबांचे कागद घेऊन डायलिसिसच्या खोलीतून चालले होते. त्यानं हाक मारली.

“पुस्तकवाली ताई. एक विचारू का?”

“विचार.”

“मनी बहीननं जुळनं नही, हाई खरं शे का?”

मी ठरलेलं उत्तर दिलं. “ते डॉक्टरांना विचार, बाबा.”

“डॉक्टरले विचारं तर तो खरं सांगी टाकी.” तो हसला. “राहू द्या. सांगू नका. माले माहीत शे.”

मी कागदांकडे बघायला लागले. त्याला नळ्यांमुळे हलता येत नव्हतं, नुसतं छताकडे बघत तो सांगत होता. शाळेत लहानपणी सुई टोचणारे यायचे. ते गावात आले की सिंधू घरी पळायची आणि धान्याच्या कोठीत लपायची. झाकण ओढून, श्वास धरून. मास्तर शोधत यायचे. आई शेतावर. घरी हा.

“दर बारीले मीच सांगी देऊ, कोठीमा शे म्हनीसन. मास्तर माले लिमलेटनी गोळी दे. ती मंग दोन दोन दिवस मनासंगे बोले ना.” त्यानं मोकळ्या हातानं चादर सरळ केली. “राउंडले ती मान हलाये ना, ताई, तवय माले दिसे. ती कोठीमा जाईसन बठेल शे. माय शोधी राहनी, डॉक्टर शोधी राहना. या बारीले मी नही सांगं.”

आमच्या दोघांच्या मध्ये ते यंत्र फिरत होतं.

“तिले इतलंच सांगजात,” तो म्हणाला, “ये म्हना.”

ग्रंथपालानं खुर्ची सोडून किती लांब जावं याला काही मर्यादा असावी. मी नवागामात गेले. दिंडोलीच्या बाजूला, गल्लीत गल्ली, प्रत्येक दारातून यंत्रमागाचा नाहीतर कुकरचा आवाज. खळीची साडी, बगलेत छत्री, पत्ता विचारत. बाया मला जनगणनेवाली समजून लेकरांची संख्या सांगायला लागल्या. सिंधूची खोली सापडली. खाटेवर साडी ताणून बसली होती, शेजारी गोंद आणि खड्यांच्या डब्या. सुरतेत घरोघरी हे काम चालतं, साडीच्या नक्षीवर एकेक चमकता खडा चिकटवायचा.

तिनं मला पाहिलं आणि तिचा रंग उतरला. “मायले समजनं का?”

“नाही. संजयनं पाठवलंय. ये म्हणाला.”

तिनं मान खाली घातली आणि काम चालू ठेवलं. “इतलंच?”

“कोठीचं पण सांगितलं.”

तिचा हात थांबला. एक खडा नक्षीबाहेर पडला होता, तो ती नखानं काढत राहिली. निघाला तरी काढत राहिली.

“त्याले माहीत व्हतं?”

“पहिल्यापासून.”

तिनं नाक पुसलं. बोटाचा गोंद गालाला लागला. मग म्हणाली, “तवयबी त्यानं सांगाले नको व्हतं.” आणि उठून माझ्यासाठी चहा ठेवला. आम्ही दोघींनी चहा प्यायला. निघताना ती दारापर्यंत आली आणि विचारलं, “वॉर्डमा साडी लई गयी तर चालस का? काम पडेल शे.”

मी म्हटलं, “मी बघते.”

मी देसाईसाहेबांना विचारलं, ते म्हणाले, नर्सला विचारा. नर्सला विचारलं, ती म्हणाली, जंतू येतील. मी म्हटलं, खडे डबीतच राहतील, गोंद घरी. पुष्कळ घासाघीस झाली. शेवटी ठरलं की साडी नाही, पण खडे निवडायचं काम चालेल. वेगवेगळ्या रंगांचे खडे एकत्र येतात, ते वेगळे करायचे असतात. ते ती घेऊन येऊ लागली.

संजय फार दिवस राहिला नाही. पुढच्या उन्हाळ्याआधी गेला. आई त्याला घेऊन गावी गेली होती, तिकडेच. सिंधूची आणि माझी गाठ नंतर पडली नाही. देसाईसाहेबही पुढं दुसरीकडे गेले.

पण त्याआधीचा तो काळ. मी कागद घेऊन निघाले की वाट वाकडी करून त्या खोलीवरून जायची. एका हाताला नळ्या, त्यातून त्याचं रक्त फिरतंय. मोकळ्या हातानं तो तिच्या मांडीवरच्या डबीतून एकेक खडा उचलून तिला देतोय. “हाऊ लाल शे का रानी?” म्हणजे राणी रंगाचा. ती म्हणतेय, “आंधळा शे का? लाल शे तो.” तो दुसरा उचलतो, मुद्दाम रंग चुकीचा सांगतो. ती त्याच्या हातावर चापट मारते, नळीच्या हातावर नाही, दुसऱ्या. तो हसतो, मग खोकतो, मग ती डबी बाजूला ठेवून त्याच्या पाठीवरून हात फिरवते आणि खोकला थांबला की लगेच रागावते.

मी दारात उभी राहायची. आत जायला काही कारण नसायचं. कुणी काही मागितलेलं नव्हतं, मला काही शोधायचं नव्हतं. आत कुणी मला पाहिलं नाही की मी आणखी थोडी थांबायची.